वठलेले झाड कोणी काढावयाचे?

रोहिणी नक्षत्र निघाले की रत्नागिरीत घरोघरी पावसाळ्यापूर्वीच्या कामांची घाई उडते. कौले परतावयाची असतात, पडवीला झाप लावावयाचे असतात, सरपण आत घ्यावयाचे असते, ढासळलेला गडगा रचून घ्यावयाचा असतो. ही सारी कामे दरवर्षी पार पडतात. कारण ती कोणी करावयाची, त्यांना मजुरी किती पडते आणि ती न केल्यास घराचे काय होते, हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. एक काम मात्र यादीत असूनही दरवर्षी पुढे ढकलले जाते. घराच्या मागल्या अंगाला आजोबांनी लावलेला रायवळ आंबा दोन-तीन वर्षांपूर्वी वठलेला असतो. पालवी नाही, मोहर नाही. बुंध्याशी अळंबी उगवलेली, साल सुटून खाली पडत असलेली. आणि जाड फांद्यांपैकी एक नेमकी माजघराच्या कौलांवर व दुसरी मुलांच्या शाळेच्या वाटेवरील पाणंदीवर आलेली. यंदा ते झाड काढलेच पाहिजे, असे घरातील सर्व माणसे म्हणतात. मग कोणीतरी दर विचारून येतो, आणि त्यानंतर त्या झाडाविषयी कोणी फारसे बोलत नाही.

हा दर ऐकून घरमालकाला धक्का बसतो, तो केवळ रक्कम मोठी असते म्हणून नव्हे. झाड म्हणजे ठेव, ही कोकणी माणसाची पिढीजात समजूत आहे. मुलीच्या लग्नाच्या वेळी फणस विकला, घराच्या दुरुस्तीला आईन-किंजळ कामी आले, अडचणीच्या वर्षी आंब्याची दोन झाडे वखारवाल्याला दिली, असे दाखले प्रत्येक वाडीत मिळतील. तेव्हा झाड तोडणाराने मालकाला चार पैसे द्यावयाचे, ही अपेक्षा मनाशी बाळगूनच तो चौकशीला जातो. तोडणारा उलट त्याच्याकडेच पंधरा-वीस हजार रुपये मागतो. झाड तेच, जागा तीच. पण काल जी मालमत्ता होती ती आज देणे होऊन बसलेली असते.

हा बदल कोणत्या एका दिवशी होत नाही. झाड सुकू लागते तेव्हा त्याचे लाकूड अद्याप टणक असते आणि त्यासाठी गिऱ्हाईकही मिळू शकते. एक पावसाळा गेला की वाळवी लागते, खोडकिडीने पाडलेल्या भोकांतून पाणी आत मुरते आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर बुंध्यात ढोली पडते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा हवेत मेलेल्या आंब्याचे लाकूड फार काळ टिकत नाही. इमारती लाकूड म्हणून त्याची किंमत संपते आणि उरते ते जळण. परंतु जळणालाही पूर्वीसारखी मागणी राहिलेली नाही. घरोघरी गॅसच्या टाक्या आल्या, आणि आंब्याच्या लाकडी पेटीची जागा पुठ्ठ्याच्या खोक्याने बऱ्याच अंशी घेतली. लाकडाची किंमत अशी दर पावसाळ्यात उतरत असताना ते झाड खाली आणण्याचा खर्च मात्र चढत जातो. पहिल्या वर्षी लाकडाच्या मोबदल्यात फुकट पडले असते ते झाड, तिसऱ्या वर्षी एका महिन्याचा पगार घेतल्यावाचून पडत नाही. झाड वठल्यावर पहिले वर्ष निर्णयाचे असते, आणि नेमके तेच वर्ष 'पुढल्या मृगात पालवी फुटेल' या आशेत निघून जाते.

खर्च चढतो तो का, हे समजून घेण्यासारखे आहे. जिवंत फांदी वाकते, करकरते, तुटण्यापूर्वी सूचना देते. वठलेली फांदी काहीही न सांगता मोडते. जिवंत झाडावर चढणारा माणूस वरच्या जाड फांदीला दोर बांधून त्या आधाराने खालच्या फांद्या उतरवितो. मेलेल्या झाडाच्या कोणत्याच फांदीवर असा विश्वास टाकता येत नाही. मग शेजारच्या एखाद्या सजीव झाडाचा आधार घ्यावा लागतो, ते नसल्यास शिड्या जोडाव्या लागतात किंवा क्रेन आणावी लागते. क्रेन आणावयाची तर ती जांभ्या दगडाच्या गडग्यांमधल्या, बैलगाडीही जेमतेम जाईल अशा पाणंदीतून घरामागे पोचणार कशी, हा प्रश्न उभा राहतो. झाड उघड्या माळावर असते तर बुंध्यावर यांत्रिक करवत—जिला आता खेडोपाडी 'कटर' असेच म्हणतात—चालवून ते अर्ध्या तासात आडवे करता आले असते. कौलारू घर, विहीर, विजेच्या तारा आणि शेजाऱ्याची पोफळीची बाग यांच्यामध्ये उभ्या असलेल्या झाडाचा मात्र एकेक तुकडा दोराला बांधून हळूहळू खाली सोडावा लागतो. तारा जवळ असल्यास महावितरणकडून तेवढा वेळ वीज बंद करून घ्यावी लागते. शेवटी उरलेला ढीग कोठे टाकावयाचा, हा स्वतंत्र खर्चच असतो.

एक काल्पनिक हिशोब मांडून पाहता येईल. गावागणिक दर वेगळे असतात. तेव्हा हे आकडे केवळ गोष्ट ध्यानात यावी एवढ्यापुरतेच घ्यावयाचे. वर चढणारा एक कसलेला माणूस दिवसाला अडीच हजार रुपये घेतो आणि दोर धरणारे, तुकडे ओढणारे चौघे प्रत्येकी नऊशे घेतात, असे समजले तर दिवसाची मजुरी सहा हजार शंभर होते. काम दोन दिवस चालले तर बारा हजार दोनशे. कटर व त्याचे इंधन तीन हजार, लाकूड हलविणे चार हजार. एकूण एकोणीस हजार दोनशे रुपये. महाराष्ट्रात प्राथमिक शाळेतील शिक्षण सेवकाचे मानधन २०२३ पासून महिना १६,००० रुपये झालेले आहे. म्हणजे ज्या तरुण शिक्षकाच्या घरामागे असे झाड उभे असेल, त्याने महिनाभर अन्नपाणी वर्ज्य केले तरी ते झाड पडणार नाही. तो पावसाळ्याचे चार महिने मुलांना पुढच्या खोलीत निजवितो आणि वारा सुटला की रात्रभर जागा राहतो. झाड न काढण्याचा खर्च हा असा असतो. तो कोणत्याही वहीत मांडला जात नाही.

वरील हिशोबात एक रकमेचा रकाना मुद्दामच रिकामा ठेवला आहे. वर चढणाऱ्या माणसाच्या जिवाची जोखीम त्यात कोठेही धरलेली नाही. प्रत्यक्ष व्यवहारातही ती धरली जात नाही. एकोणीस हजारांचा दर ऐकून घरमालक दुसऱ्याकडे जातो आणि तो दुसरा 'आठ हजारांत उक्ते घेतो' म्हणून सांगतो. हे अकरा हजार रुपये वाचले कोठून? झाड तेवढेच उंच आहे, कौले तितकीच ठिसूळ आहेत. वाचले ते दोराचे, डोक्यावरील टोपाचे, कमरेच्या पट्ट्याचे, जास्तीच्या दोन माणसांचे आणि दुसऱ्या दिवसाचे. माणूस अनवाणी, कमरेला कोयता अडकवून, काथ्याच्या दोरावर वर जातो. सायंकाळी सुखरूप खाली आला की व्यवहार स्वस्तात झाला असे दोघेही समजतात. एखादे वेळी तो खाली येत नाही. मग घरमालक म्हणतो, काम उक्ते दिले होते, माणूस त्याचा तो आला होता. ठेकेदार असलाच तर म्हणतो, तो आपला कायमचा कामगार नव्हे. कामावर अपघात होऊन माणूस जायबंदी झाला किंवा दगावला तर त्याच्या कुटुंबाला भरपाई मिळाली पाहिजे, हे तत्त्व या देशाच्या कायद्याने १९२३ सालीच मान्य केले आहे. परंतु ते तत्त्व कारखान्याच्या दारापर्यंत पोचले तसे परसातल्या झाडापर्यंत पोचलेले नाही. जोखमीची किंमत दरात न येता ती जोखीम घेणाराच्या बायकामुलांच्या माथी मारली जाते, तेव्हा दर स्वस्त दिसतो. हा स्वस्तपणा बाजाराच्या कार्यक्षमतेतून आलेला नाही.

शिवाय हे चढणारे हातच कमी होत चालले आहेत. माडावर चढावयास माणूस मिळत नाही, ही तक्रार रत्नागिरीत तरी नवी नाही. तरुण मुलगा मुंबईला गेला तर त्याला दरमहा ठरलेला पगार मिळतो आणि आईच्या जिवाला घोर राहत नाही. त्याने झाडावर चढत राहावे अशी अपेक्षा करावी तरी कोणी? उरलेले पन्नाशीच्या पुढचे आहेत. त्यांनी जास्त पैसे मागितले की लोक त्यांना 'माजले' म्हणतात. तुटवडा असलेल्या आणि धोक्याच्या कामाचा दर वाढतो, हे पाठ्यपुस्तकात वाचून मान डोलावणारी सुशिक्षित मंडळीही अंगणात आल्यावर हा नियम विसरतात.

विलंबाची दुसरी दोन कारणे आहेत. पहिले कायद्याचे. नागरी भागात १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन करणारा अधिनियम लागू आहे आणि ग्रामीण भागात १९६४ चा वृक्षतोड विनियमन अधिनियम. या दुसऱ्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, आईन, किंजळ ही कोकणातील नित्याची झाडे येतात. हे कायदे योग्यच आहेत. ते नसते तर शहरांत सावली उरली नसती. मेलेल्या किंवा जिवाला धोका असलेल्या झाडाला परवानगी नाकारू नये, अशी तरतूदही नागरी कायद्यात आहे. परंतु सामान्य माणसाला कायद्याचा मजकूर माहीत नसतो, दंडाची बातमी तेवढी माहीत असते. अर्ज कोणाकडे द्यावयाचा, पाहणीला कोण येणार, झाड वठले आहे हे कोणी ठरवावयाचे, या फेऱ्यांत एक पावसाळा जातो. तलाठी वनखात्याकडे बोट दाखवितो, वनखाते ग्रामपंचायतीकडे. झाड मधल्या मध्ये उभेच.

दुसरे कारण सातबाऱ्यावर सापडते. कोकणातील घराभोवतीची जमीन बहुधा सामाईक असते. उताऱ्यावर वीस-पंचवीस नावे. त्यांपैकी काही मयत, काही मुंबईत, काही पुण्यात, एखादे परदेशात, आणि घरात प्रत्यक्ष राहणारी एखादी वृद्ध चुलती. झाड जिवंत होते तेव्हा आंब्यांच्या वाट्यासाठी सर्वांची पत्रे येत. ते वठल्यावर खर्चाच्या वाट्यासाठी पत्र पाठविले तर उत्तर येत नाही. चुलतीने स्वतःच्या पैशाने झाड काढावयाचे ठरविले, तर 'सामाईक झाड कोणाला विचारून तोडले?' असे विचारणारा हिस्सेदार मात्र गणपतीत हमखास हजर होतो. यात तिसरी एक गोष्ट मिसळते, ती श्रद्धेची. वड, पिंपळ, औदुंबर यांना हात लावण्यास मजूर तयार होत नाहीत. राखणदाराला नारळ द्यावा लागतो, गाऱ्हाणे घालावे लागते. याला हसण्याचे कारण नाही. जिवावर उदार होऊन वर जाणाऱ्या माणसाला त्याच्या खेपेला मिळणारे एकमेव संरक्षण जर तो नारळ असेल, तर तो खर्च सर्वांत रास्त म्हणावा लागेल.

या साऱ्या विलंबाची झळ मालकापुरती राहिली असती तर तो त्याचा खासगी प्रश्न म्हणून सोडून देता आला असता. पण झाडाची फांदी सातबारा पाहून पडत नाही. ती पाणंदीवर पडते, शेजाऱ्याच्या गोठ्यावर पडते, एस.टी.च्या थांब्यावर पडते. जुलै २०१७ मध्ये मुंबईत चेंबूर येथे सकाळी रस्त्याने चाललेल्या एका महिलेच्या अंगावर माड कोसळून तिचा मृत्यू झाला. तो माड काढावा अशी मागणी रहिवाशांनी आधीच केली होती आणि पाहणीत तो सुस्थितीत असल्याचे ठरविले गेले होते, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले. त्या महिलेचा त्या झाडाशी मालकीचा, भाड्याचा, कसलाच संबंध नव्हता. खर्च एकाच्या खिशातून जावयाचा आणि धोका मात्र वाटसरूंच्या डोक्यावर, अशी विभागणी असली की मालकाच्या दृष्टीने थांबणे नेहमीच किफायतशीर ठरते. अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी ज्या बाह्य परिणामांची चर्चा केली, त्यांचे इतके साधे उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

कायद्याला ही गोष्ट ठाऊक नव्हती असे नाही. पडून शेजाऱ्यांना किंवा येणाऱ्या-जाणाऱ्यांना इजा होईल अशा स्थितीतील झाड मालकाने काढावे, असा आदेश देण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्याला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १३३ व्या कलमाने होता; १ जुलै २०२४ पासून तोच अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १५२ व्या कलमात आहे. मात्र या कलमाचा आधार लोक घेतात तो बहुधा दोन घरांत आधीच वैर असल्यावर. आणि आदेश निघाला तरी वृद्ध चुलतीने एकोणीस हजार आणावयाचे कोठून, हे त्या कलमात लिहिलेले नाही.

निर्णय न घेता वाट पाहत राहिले की शेवटी निर्णय वारा घेतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड व दापोली या तालुक्यांना त्याचा जबर तडाखा बसला. केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरूड या किनाऱ्यावरील गावांत माडा-पोफळींच्या वाड्या आडव्या झाल्या. त्या वेळी टाळेबंदीमुळे मजूर नव्हते आणि वीज कित्येक दिवस नव्हती. पुढल्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्यालगत उत्तरेला गेले. निसर्ग वादळानंतर शासनाने फळबागांची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजार रुपयांपर्यंत वाढविली, ही गोष्ट स्वागतार्हच होती. परंतु किनाऱ्यावरील वाड्या गुंठ्यांत मोजल्या जातात. एका हेक्टरात सुमारे ९९ गुंठे. म्हणजे पाच गुंठ्यांच्या वाडीला हेक्टरी दराने अडीच हजार रुपये होतात. या वाडीत आंबा, फणस, माड, पोफळी अशी दाटी असते. पडलेली झाडे कापून, ओढून बाहेर काढण्याची मजुरीही त्यात भागत नाही. हा दोष ध्यानात आल्यावर पुढे नारळाला झाडामागे २५० व सुपारीला ५० रुपये अशी मदत ठरली. अडीचशे रुपयांत पडलेला माड एका बाजूला सरकविण्यापुरताही मजूर मिळत नाही. भरपाई ठरविताना गेलेल्या उत्पन्नाचा विचार होतो; जे पडले आहे ते हलवावयाचा खर्च हिशोबात क्वचितच धरला जातो. नवी रोपे मात्र फुकट वाटण्यात आली. ती लावावयास जागा मोकळी कोणी करावयाची?

सरकारी धोरणाचा हा कल जुना आहे. १९९० मध्ये रोजगार हमी योजनेला जोडून फळबाग लागवडीचा कार्यक्रम सुरू झाला आणि त्यातून कोकणात आंबा-काजूची प्रचंड लागवड झाली. त्या योजनेचे श्रेय कमी करण्याचे कारण नाही. ओसाड कातळावर तिने बागा उभ्या केल्या. पण लावण्याला अनुदान आहे, छायाचित्र आहे, उद्घाटन आहे. काढण्याला काहीच नाही. याला थोडाफार अपवाद आहे तो नारळ विकास मंडळाचा. रोगट व म्हातारे माड तोडून काढण्यासाठी मंडळाच्या पुनर्लागवड योजनेत झाडामागे मदत धरण्यात आली. कारण सोंड्या भुंग्याने पोखरलेला माड उभा ठेवला तर कीड शेजारच्या वाडीत जाते, हे मंडळाला दिसत होते. याच मंडळाने २०११ पासून केरळात तरुणांना यंत्राच्या साहाय्याने माडावर चढण्याचे शिक्षण देण्याचा कार्यक्रम हाती घेतला आणि चढणाऱ्यांसाठी अपघात विम्याची योजना चालविली, जिच्या हप्त्याचा मोठा भाग मंडळ स्वतः भरते. ज्या कामाला माणसे मिळत नव्हती त्या कामाला शिक्षण, साधन आणि विमा या तीन गोष्टी दिल्याबरोबर तो एक धंदा झाला. वठलेला आंबा उतरविणे हे माडावर चढण्याहून अवघड. तरी त्याला यांपैकी एकही गोष्ट मिळालेली नाही.

श्रीमंत देशांना हा प्रश्न सुटला आहे असेही नव्हे. अमेरिकेत २००२ साली डेट्रॉईटच्या परिसरात ॲश वृक्ष मारणारा एक हिरवा भुंगा आढळला आणि त्यानंतर तेथे कोट्यवधी झाडे मेली. हे झाड मेल्यावर फार लवकर ठिसूळ होते. त्यावर चढण्यास तेथील शिक्षित, विमा उतरविलेले कामगारही नकार देऊ लागले आणि अवजड यंत्रे आणावी लागली. कोणती झाडे राखावयाची व कोणती वेळीच काढावयाची, याची आधी यादी करणाऱ्या गावांचा खर्च थोपविला गेला आणि वाट पाहणाऱ्यांना एकाच वेळी शेकडो झाडांचे देणे आले. तेथे झाड काढण्याचा खर्च अधिक आहे हे खरे, परंतु त्या खर्चात कामगाराचा विमा आहे. रत्नागिरीतील आठ हजारांचा दर आणि तेथील दर यांची तुलना करताना हा फरक विसरला की तुलना फसवी होते.

मग करावे काय? सर्व मेलेली झाडे सरकारने फुकट काढून द्यावीत, अशी मागणी कोणी केली तर ती मान्य होण्यासारखी नाही आणि होऊही नये. ज्याला फळ खाता आले त्याने खर्चाचा भार उचलावा, हे न्याय्यच आहे. पण त्याला तो पेलेल अशा रीतीने उचलता यावा आणि वाटसरूच्या जिवाचा प्रश्न त्याच्या खिशावर अवलंबून राहू नये, एवढे तरी करता येण्याजोगे आहे. १९७५ च्या कायद्याने वृक्ष प्राधिकरणावर झाडांची गणना करण्याचे काम सोपविलेले आहे. त्या गणनेत 'वठलेले, रस्त्यावर किंवा घरावर झुकलेले' असा एक रकाना घालावयास नवा कायदा लागत नाही. त्याच कायद्यानुसार अनेक नगरपरिषदांच्या घरपट्टीच्या बिलात वृक्षकर नावाची एक छोटी रक्कम असते. कारकून मंडळींनी आपले बिल काढून पाहिल्यास ती ओळ सापडेल. तो पैसा झाडांसाठीच आहे. त्यातला काही भाग रोपांऐवजी शहरातील झाड तोडणाऱ्या पाच-दहा माणसांच्या सामूहिक विम्यासाठी आणि दोर-पट्ट्यांसाठी खर्च झाला तर वृक्षप्रेमाला बाधा येणार नाही. अशा माणसांची यादी, बुंध्याच्या घेरानुसार व जागेच्या अडचणीनुसार ठरलेला दर, आणि नगरपरिषदेने आधी खर्च करून तीन वर्षांच्या घरपट्टीतून तो हप्त्याने वसूल करणे, एवढ्यावर पुष्कळसे भागेल. सामाईक मालमत्तेच्या बाबतीत हा बोजा मिळकतीवर चढवावा. म्हणजे गणपतीत हजर होणाऱ्या हिस्सेदाराला वाटणीच्या किंवा विक्रीच्या वेळी आपला वाटा द्यावाच लागेल. गावांतून हेच काम ग्रामपंचायतीला, कदाचित दोन-चार ग्रामपंचायतींना मिळून, करता येईल. शिक्षणासाठी फार लांब जावयास नको: भाट्ये येथे नारळ संशोधन केंद्र आहे, दापोलीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे.

यात एक धोका आहे आणि तो लहान नाही. झाड वठल्याचा दाखला मिळाला की तोड सुकर होते, हे कळल्यावर झाडे वठविण्याचा धंदा सुरू होईल. बुंध्याभोवती सालीचे कडे काढून किंवा मुळाशी आम्ल ओतून चांगले झाड मारावयाचे आणि मग त्याच्या धोक्याविषयी अर्ज करावयाचा, ही युक्ती बांधकामाच्या जागी आजही अज्ञात नाही. म्हणून पाहणी करणाराला झाड मेले आहे का एवढेच नव्हे, तर ते कशाने मेले, हेही लिहावयास लावले पाहिजे आणि मारलेल्या झाडाचा सारा खर्च दंडासह मालकाकडूनच घेतला पाहिजे. उलट जे वठलेले झाड कोणाच्याही घरावर वा वाटेवर येत नाही, ते खुशाल उभे राहू द्यावे. त्याच्या ढोलीत पोपट, घुबडे आणि सुदैवाने धनेशाची जोडीही राहते. ती जागा करवतीने मोकळी करण्यात कोणाचेच हित नाही, आणि तेथे खर्चही शून्य.

राहता राहिला वेळेचा प्रश्न. आंबा, फणस ही सदाहरित झाडे. भर श्रावणात ज्याला पान नाही ते मेले, हे ओळखावयास तज्ज्ञ लागत नाही. पाहणी तेव्हाच व्हावयास हवी. आजची रीत अशी की चौकशी मे महिन्यात सुरू होते, जेव्हा चढणारा प्रत्येक माणूस आंबा उतरविण्यात गुंतलेला असतो, दर वर्षातला सर्वांत चढा असतो आणि पावसाला तीन आठवडे उरलेले असतात. भातकापणी आटोपल्यावर आणि आंब्याच्या फवारणीची घाई सुरू होण्यापूर्वी, म्हणजे कार्तिकाच्या सुमारास, हीच माणसे काही दिवस मोकळी असतात. जमीन वाळलेली असते, वारा पडलेला असतो आणि काम ठरलेल्या दराने, दोन दिवस लावून, दोर बांधून करता येते. नगरपरिषदेला यादी करावयाची असेल तर ती येत्या श्रावणात करावी लागेल.